अर्थ मोठ्याने वाचावा

उन्मेष चौबळांना नूपुरने स्वतःच्या हाताने आल्याचा चहा करून दिला होता, बशीत संदेश मिठाईच्या दोन वड्या ठेवल्या होत्या, आणि ते निघाले तेव्हा बाबांच्या अकरा वह्या दोन कापडी पिशव्यांत भरून लिफ्टपर्यंत पोचवल्याही होत्या. एवढं आदरातिथ्य करून आपलंच घर लुटवून घेणारी मुलगी कोलकात्याच्या अख्ख्या सॉल्ट लेकमध्ये दुसरी नसेल. हे तिला दिवसातून किमान तीनदा आठवायचं, आणि दर वेळी दात आवळले जायचे.

बाबा म्हणजे दत्तात्रय हळबे. खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये एकतीस वर्षं नोकरी. जहाज धक्क्याला लागायचं, कागद यायला उशीर व्हायचा, आणि मग शेडमध्ये खोक्यांच्या थप्पीपुढे खुर्ची टाकून ताटकळत बसायचं. बाकीचे त्या वेळात पत्ते कुटत, नाहीतर चहावाल्याशी राजकारण करत. हळबे खोक्यांवरचे मार्के वाचत. माल पाठवणारे आपली खूण म्हणून खोक्यावर काळ्या रंगात तीन-चार इंग्रजी अक्षरं रंगवतात, तो मार्का. हळब्यांना त्यात खेळ सापडला. ती सगळी अक्षरं ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द कोणता? शब्द नाही सापडला तर वाक्प्रचार कोणता? सापडला की वहीच्या पानावर वरती ती अक्षरं, खाली शब्द, आणि समोर मराठीत अर्थ.

अर्थ लिहिण्याची त्यांची पद्धत मात्र खास घरगुती होती. आधी सरळ अर्थ द्यायचा, आणि मग 'जसं' म्हणून घरातलं एक उदाहरण. 'प्रोक्रॅस्टिनेशन' या शब्दासमोर लिहिलं होतं, 'आजचं काम उद्यावर ढकलणं. जसं: यामिनी तीन वर्षं म्हणते आहे की शिवणयंत्र दुरुस्तीला देऊ.' यामिनी म्हणजे नूपुरची आई. ती हे वाचून चिडायची, लाटणं घेऊन यायची, आणि हळबे तिच्या चिडण्यासाठी आणखी एक लांबलचक शब्द शोधून काढायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. घरात ती शिल्लक होती ती फोटोत आणि त्या अकरा वह्यांत, आणि फोटोपेक्षा वह्यांत जास्त.

याच खेळातून कोलकात्याच्या मराठी मंडळाची स्पर्धा निघाली. बँकेत, कस्टम्समध्ये, सरकारी कंपन्यांत बदलून आलेली आणि इथेच रुजलेली माणसं. मुलं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बंगाली आणि मित्रांशी हिंदी बोलणारी. मराठीचं काय करायचं, यावर मंडळाच्या सभा व्हायच्या आणि सभेत बटाटेवडे संपायचे. हळब्यांनी सभा न घेता स्पर्धा काढली. चहाच्या पत्र्याच्या डब्यातून चार इंग्रजी अक्षरं काढायची. डब्यात स्वर नसत, आणि क्यू, एक्स, झेड ही आडमुठी मंडळीही नसत. चारही अक्षरं असलेला लांबात लांब शब्द किंवा वाक्प्रचार तीन मिनिटांत सांगायचा, आणि त्याचा अर्थ मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. मग परीक्षकाने तो अर्थ स्वतः उभं राहून मोठ्याने म्हणायचा आणि शेवटी 'मान्य' म्हणायचं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू जावं आणि पुढच्या रांगेतल्या पोरांच्या कानावर शुद्ध वाक्य पडावं, असा दुहेरी हेतू. 'नामंजूर' म्हणायचं असेल तर परीक्षकाने ग्रंथ उघडून बरोबर अर्थ सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. उगाच कोणाला नाकारायचं नाही, हा हळब्यांचा कटाक्ष. बावीस वर्षं ते परीक्षक होते. दसऱ्यानंतरचा रविवार म्हणजे स्पर्धा, हे ठरूनच गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. पुढे एखादा शब्द परत यायला लागला, पण तो त्याच्या मर्जीने. हवा तेव्हा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सोळा-सतरा अक्षरांचे शब्द जमवले, तो 'पाणी' म्हणायला घाम गाळू लागला.

तेव्हा उन्मेषकाका आले. बँकेतून निवृत्त, मंडळाचे कार्यवाह, वागणं लोण्यासारखं. बाबांचा हात हातात घेऊन रडले. "नूपुर, या वह्या अशा पडून राहता कामा नयेत गं. मी टाइप करून घेतो. दत्तोपंतांच्या पंचाहत्तरीला छापील प्रत हातात ठेवू त्यांच्या." नूपुरने कपाटातून वह्या काढल्या. तिने चहा टाकला. पुढचं सांगून झालंच आहे.

चौदा महिन्यांनी टपालाने पुस्तक आलं. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. 'दीर्घ इंग्रजी शब्दांचा मराठी कोश. संपादक: उन्मेष चौबळ.' आत पहिल्या पानावर निळ्या शाईत, 'आदरणीय दत्तोपंतांस, सप्रेम.' प्रस्तावनेत संपादकाने रोज पहाटे चारला उठून केलेल्या साधनेचं वर्णन होतं. शेवटी ज्ञात-अज्ञात स्नेह्यांचे आभार होते. त्या अज्ञातांमध्ये हळबे कुठेतरी असतील.

नूपुर त्याच दिवशी त्यांच्या घरी गेली. उन्मेषकाका जराही गडबडले नाहीत. "अगं, कल्पना दत्तोपंतांची, नाही कोण म्हणतंय? पण नुसत्या कल्पनेने पुस्तक होतं का? आणि वह्या म्हणशील तर त्यांना वाळवी लागली. टाकून द्याव्या लागल्या." मग सोफ्यावरची उशी सरळ करत ते म्हणाले, "तुझ्याकडे काही असेल तर दाखव की."

तिच्याकडे काही नव्हतं. तिने एका पानाची साधी झेरॉक्सही काढून ठेवली नव्हती. हा मनुष्य रडला होता ना, रडणाऱ्या माणसाकडून पावती कोण घेतं?

बाबांनी ते पुस्तक दिवसभर मांडीवर ठेवलं. डाव्या हाताने एक एक पान उलटत गेले. त्यांना सांभाळायला येणारी मालतीदी, रोज कॅनिंगच्या गाडीने सियालदहला उतरून बसने सॉल्ट लेक गाठणारी, दोनदा जेवणाचं ताट परत घेऊन गेली. संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मोठ्या कष्टाने दोन शब्द जुळवले. "जाऊ... दे."

नूपुर न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात तोंडावर टॉवेल दाबून ओरडली. 'जाऊ दे' हे शब्द तिने जन्मभर ऐकले होते. कनिष्ठ माणसाला बढती मिळाली, जाऊ दे. मामांनी आजोळच्या घरातला आईचा वाटा गिळला, जाऊ दे. सगळे शब्द गेले आणि नेमका हा राहिला, याचा तिला बाबांवरही राग आला. नवरा, अजेय, म्हणाला, "वकिलाची नोटीस पाठवू." पण नोटिशीला उत्तर वकील देतो. तिला ते उन्मेषकाकांच्या तोंडून हवं होतं, भर सभेत, आणि ते म्हणताना त्यांचं तोंड कसं होतं तेही पाहायचं होतं. मुदतही होती. दिवाळीनंतर पुण्याहून दुसरी आवृत्ती निघणार होती, शाळांच्या ग्रंथालयांसाठी पाच हजार प्रती. एकदा त्या पाच हजार पुठ्ठ्यांवर चौबळ छापले गेले की हळबे कायमचे पुसले गेले असते.

पुस्तक तिने नीट वाचलं ते सेक्टर फाइव्हच्या बसमध्ये. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायची, त्यामुळे कंटाळवाणा मजकूर ओळीन्‌ओळ वाचायची सवय होती. बस करुणामयीच्या सिग्नलला थांबली होती. पान त्रेसष्टवर ती एकदम थांबली. 'जसं: यामिनी तीन वर्षं म्हणते आहे की शिवणयंत्र दुरुस्तीला देऊ.'

तिने पुढची पानं भराभर उलटली. गोदीतली शेड होती. आईची आमटी होती. 'आमची नूपुर' तर चाळीसेक ठिकाणी होती. हे कसं झालं ते तिला लगेच कळलं. टायपिंग केलं होतं अथर्वने, उन्मेषकाकांच्या मुलाने. पोरगा इथेच वाढलेला, मराठी अक्षर अक्षर लावून वाचणारा. त्याला अर्थ कुठे संपतो आणि घरगुती गप्पा कुठे सुरू होतात हे काय समजणार? जे दिसलं ते त्याने इमानेइतबारे टाइप केलं. आणि उन्मेषकाकांनी तपासला तो फक्त इंग्रजी रकाना. मराठीत काय तपासायचं, ती तर मातृभाषा! मंडळातल्या साठ-सत्तर लोकांनी पुस्तक घेतलं होतं, पण ते काचेच्या कपाटासाठी. पहाटे चारला उठून साधना करणाऱ्याने आपलं पुस्तक एकदाही वाचलं नव्हतं, आणि ज्यांनी विकत घेतलं त्यांनीही. नूपुर बसमध्ये मोठ्याने हसली. शेजारच्या बंगाली आजीबाईंनी पदर सावरून थोडी जागा सोडली.

ती पानं घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे जाता आलं असतं. पण मग एक समिती नेमली गेली असती, गैरसमज दूर झाले असते, वडे खाल्ले गेले असते. ते तिला नको होतं. तिने स्पर्धेसाठी नाव दिलं.

तीन महिने तिने वडिलांचा खेळ उलटा खेळला. हळब्यांनी अक्षरांवरून शब्द शोधले, तिने गुन्ह्यावरून. चोरी, दगा, ढोंग, कृतघ्नपणा, या अर्थाचे जेवढे लांब शब्द आणि वाक्प्रचार इंग्रजीत आहेत तेवढे तिने जमवले. एकशे साठ झाले. इंग्रजीला या बाबतीत काही कमी नाही. प्रत्येकाचा मराठी अर्थ तिने स्वतः लिहिला, घासूनपुसून धारदार केला आणि पाठ केला. डब्यातून कोणतीही चार अक्षरं निघोत, बहुतेकदा त्यात उन्मेषकाका बसतीलच अशी सोय केली. भाजी चिरताना, मेट्रोत, कार्यालयातल्या मीटिंगमध्ये, ती मनात अर्थ घोकत होती. इतकी सुखात ती कित्येक महिन्यांत नव्हती, आणि याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

एकच भीती होती, बाबांची. मंडळात न्यावं तर लागणारच होतं; ज्याच्यासाठी हे सगळं, त्याने पाहायला हवं. पण शेवटी उन्मेषकाका डोळ्यांत पाणी आणून पुढे येणार आणि बाबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणणार, जाऊ दे. मग तीन महिन्यांची मेहनत दोन शब्दांत मातीत.

रविवारी सकाळी रस्त्यांवर दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू उतरवणं चालू होतं. अजेयने बाबांची चाकाची खुर्ची हॉलमध्ये पहिल्या रांगेच्या मधोमध लावली. दीडशे-एक माणसं होती. मंचावर परीक्षकाच्या खुर्चीत उन्मेषकाका, रेशमी झब्बा, पुढ्यात मखमली कापडावर त्यांचा कोश. यंदापासून तोच प्रमाणग्रंथ, असा ठराव त्यांनीच मांडून मंजूर करून घेतला होता. बाबांना पाहताच त्यांनी मंचावरून हात जोडले. बाबांनी नुसतं पाहिलं.

सहा स्पर्धक होते. डबा हलवून विवेककाकांनी, म्हणजे अध्यक्षांनी, पहिली अक्षरं काढली. एम, पी, आर, टी.

आयटीतला अमेय ताडकन उठला. "कंपार्टमेंट्स! रेल्वेचे डबे."

"रेल्वे!" हॉलमधून एकच गिल्ला झाला. इंग्रजी शब्द आला, उत्तर बाद. अमेय कपाळावर हात मारून बसला. निर्मलाकाकूंनी 'टेंपरेचर' सांगितला, उष्णतेचं मान. ते चाललं. मग नूपुर उठली.

"मिसअप्रोप्रिएशन. सोळा अक्षरं. अर्थ: विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू परस्पर आपल्या नावावर करून घेणं."

हॉलने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. उन्मेषकाका उभे राहिले. नियमाप्रमाणे त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू..." आणि मधेच त्यांचा आवाज जरा घसरला. त्यांनी वाक्य पुरं केलं. "मान्य."

दुसऱ्या फेरीत बी, एल, व्ही, वाय निघाले. नूपुरने एकशे साठही शब्द मनातल्या मनात पालथे घातले, एकही बसेना. कॉलेजातल्या अश्विनीने 'अनबिलीव्हेबली' सांगितला, विश्वास बसू नये अशा रीतीने, आणि फेरी जिंकली. उन्मेषकाकांनी तो अर्थ केवढ्या प्रेमाने उच्चारला! पहिल्या फेरीचा योगायोग असावा, असं समजून ते खुर्चीत सैलावले. नूपुरने त्यांना सैलावू दिलं.

तिसरी अक्षरं आली. एफ, एच, पी, डब्ल्यू.

"फेलोशिप," अमेय म्हणाला. "स्नेह, सोबत." या वेळी त्याने सावधपणे दोनच शब्द वापरले.

"वुल्फ इन शीप्स क्लोदिंग," नूपुर म्हणाली. "वीस अक्षरं. अर्थ: मित्र म्हणून घरात यायचं, आजारी माणसाचा हात धरून रडायचं, चहा प्यायचा आणि जाताना कपाट रिकामं करून न्यायचं."

या खेपेला टाळ्या वाजल्या, पण अर्ध्यावर विरल्या. दुसऱ्या रांगेत कुणीतरी कुणाच्या कानाला लागलं. उन्मेषकाका उभे राहिले. झब्ब्याची गुंडी चाचपली. "मित्र म्हणून घरात येणं..." ते म्हणाले.

"पूर्ण म्हणा काका," नूपुर म्हणाली. "मागे ऐकू जात नाही."

त्यांनी पूर्ण म्हटलं. 'चहा प्यायचा' इथे त्यांच्या पत्नीने, विनीताकाकूंनी, मान खाली घातली. "मान्य," म्हणून ते बसले आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. त्यांच्या कपाळावरचा घाम नूपुरला स्पष्ट दिसत होता आणि ती तो अगदी मन लावून पाहत होती. बाबांकडे मात्र तिने पाहिलं नाही. धीर झाला नाही.

चौथी फेरी. सी, डी, जी, के. विवेककाकांनी अक्षरं फळ्यावर लावली, नूपुरने ती पुन्हा एकदा वाचली. तिच्या यादीत शब्द होता. तो कोशातही होता, आणि कोशात त्याच्यापुढे काय छापलं आहे ते तिला तोंडपाठ होतं. आता फक्त उन्मेषकाकांना 'नामंजूर' म्हणायला लावायचं होतं.

"अनअॅकनॉलेज्ड. चौदा अक्षरं," ती म्हणाली आणि मंचाकडे तोंड करून उभी राहिली. "अर्थ: ज्या म्हाताऱ्याचा घास तोंडातून काढून घेतला, त्याचं साधं नावसुद्धा न घेतलेलं."

उन्मेषकाकांचा चेहरा लालबुंद झाला. इतका वेळ दाबून धरलेलं त्यांना आता धरवेना. "हा अर्थ नाही!" ते ओरडले. "हा वैयक्तिक राग आहे. स्पर्धेत असले प्रकार चालणार नाहीत. नामंजूर!"

"मग बरोबर अर्थ वाचून दाखवा," नूपुर शांतपणे म्हणाली. "नियम आहे."

"दाखवतो की!" त्यांनी तावातावाने कोश ओढला, मागच्या सूचीत शब्द शोधला, पान काढलं, चष्मा नाकावर सारला. आपल्या पुस्तकातून आपला अर्थ वाचून या पोरीचं तोंड बंद करायचं, या भरात ते सुसाट वाचत सुटले.

"ज्याचं श्रेय त्याला न दिलेलं. जसं: रविवारी मटार-पनीर मी केलं, गोदीतल्या सगळ्या मित्रांनी कौतुक केलं ते यामिनीचं, आणि आमच्या नूपुरने लबाडीने गप्प बसून बाबांचं नाव..."

ते थांबले. पण उशीर झाला होता. 'आमच्या नूपुरने' हे शब्द माइकवरून हॉलभर गेले होते. आणि आमची नूपुर समोरच उभी होती.

"पुढचं वाचा," नूपुर म्हणाली.

त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. जणू दुसऱ्या एखाद्या पानावर यामिनी नसेल. पहिल्या रांगेतून निर्मलाकाकू उठून उभ्या राहिल्या. यामिनी हळब्यांबरोबर त्यांनी पंधरा वर्षं मंडळाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. "अहो चौबळ," त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात आमची यामिनी काय करतेय?"

उत्तर आलं ते मागून. अथर्व उभा होता. गोंधळलेला, कानापर्यंत तांबडा झालेला. "बाबा, मी तेव्हाच विचारलेला ना," तो म्हणाला, "की हा नूपुर म्हणजे आपली नूपुरदीदी काय? तुम्ही बोलला, जो लिहिला आहे तो टाइप कर, जास्त दिमाग लावू नको."

त्याच्या मराठीतल्या चुकांवर आज कोणी हसलं नाही. विवेककाकांनी माइक ओढून घेतला. "उन्मेष, वह्या कोणाच्या?"

"दत्तोपंतांचं सहकार्य मी कधी नाकारलेलं नाही..."

"सहकार्य नाही विचारलं. वह्या कोणाच्या? पुस्तक कोणाचं?"

उन्मेषकाकांनी सगळीकडे पाहिलं. विनीताकाकू त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. "दत्तोपंतांचं," ते पुटपुटले.

"मागे ऐकू जात नाही," नूपुर म्हणाली.

"दत्तात्रय हळब्यांचं!" ते जवळजवळ किंचाळले. "सगळं त्यांचं आहे. शब्द त्यांचे, अर्थ त्यांचे. मी नुसतं छापलं." विवेककाकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुण्याच्या प्रकाशकाला मंडळाकडून आजच पत्र जाईल, आणि ते पत्र चौबळ स्वतःच्या सहीने लिहितील. उन्मेषकाकांनी मान हलवली. नूपुरने ती मान हलताना पाहिली. तीन महिने जे तोंड कसं होईल याची ती कल्पना करत होती, ते तोंड कल्पनेपेक्षाही छान झालं होतं. तिला फार बरं वाटलं. अगदी आतपर्यंत बरं वाटलं.

आणि मग जे व्हायचं ते झालंच. उन्मेषकाका मंचाच्या पायऱ्या उतरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तसेच बाबांच्या खुर्चीकडे निघाले. हॉलमध्ये एक सुस्कारा उठला. लोकांना असलं आवडतं. चूक झाली, माफी मागितली, वडीलधाऱ्याने आशीर्वाद दिला, आणि सगळे जेवायला मोकळे. निर्मलाकाकूंनीही पदर डोळ्यांना लावला. नूपुर मंचाशी जागच्या जागी खिळून उभी राहिली. तिला बाबांचे ओठ हलताना दिसले आणि तिने मनातल्या मनात हात जोडले. आज नाही बाबा. आजच्या दिवस नाही.

"दत्तोपंत, क्षमा करा मला," उन्मेषकाका म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून पायांशी वाकले.

बाबांनी डावा पाय मागे घेतला.

सावकाश घेतला, सगळ्यांना दिसेल असा, आणि खुर्चीखाली नेऊन ठेवला. उन्मेषकाकांचा हात रिकाम्या फरशीवर पडला. क्षणभर त्यांना काय झालं ते समजलं नाही. मग त्यांनी उजव्या पायाकडे हात नेला. तो पाय बिचारा कुठे जाणार? दोन वर्षं तो ठेवला तिथेच राहत होता. उन्मेषकाकांनी तो दोन्ही हातांनी धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि हुंदके देऊ लागले.

बाबांनी मान वळवली आणि नूपुरकडे पाहिलं. कपाळावर आठी होती, जबडा घट्ट होता. बेचाळीस वर्षांत तिने या माणसाला कधी असं पाहिलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि आपल्या उजव्या पायाकडे दाखवलं. ओठ वाकडेतिकडे झाले, मानेची शीर ताठली, आणि शब्द बाहेर आला.

"काढ."

नूपुर पुढे गेली, खाली बसली, उन्मेषकाकांची बोटं एक एक करून सोडवली, आणि बाबांचा पाय उचलून खुर्चीच्या पायटेकणीवर नीट ठेवला.